४६ व्या वर्षी लेझर: कुठला चष्मा जातो, कुठला येतो

प्रश्न बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: वय ४६, दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन, थोडा सिलिंडरचा तिरपा नंबर, कॉलेजपासून चष्मा. पावसाळ्यात स्कूटीवरून शाळेला जाताना काचेवर पाणी, शाळेत पोचल्यावर काचेवर वाफ. फळ्याकडे, मुलांकडे बघायला चष्मा लागतो. वह्या तपासायला तोच चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागतो. पुतण्याने २४ व्या वर्षी लेझर करून घेतलं, त्याचा चष्मा पार गेला. ‘माझं वय निघून गेलं का, की अजून करता येईल?’

वय निघून गेलेलं नाही, ताई. नंबर स्थिर असेल, कॉर्निया धड असेल, मोतीबिंदूची सुरुवात नसेल तर ४६ लाच काय, ५० लाही लेझर होतं. पण पुतण्याला जे मिळालं ते तुम्हाला मिळणार नाही. त्याचा चष्मा गेला. तुमचा एक जाईल आणि दुसरा येईल, आणि तो दुसरा कधी, किती वेळ लावायचा हे आधी ठरवलंत तरच हा व्यवहार पटेल. मी बेळगावात गेली वीसेक वर्षं नंबर काढायचं आणि लेझरआधीच्या तपासण्यांचं काम करतो. स्वतः लेझर मारत नाही. आधीची मोजमापं आणि नंतरची गाऱ्हाणी, दोन्ही माझ्याच खुर्चीसमोर येतात. शिवाय ४७ व्या वर्षी मी स्वतःच्या डोळ्यांचं लेझर करून घेतलंय. तेव्हा खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी सांगतो.

तुमच्या उणे साडेतीनचा अर्थ काय, तर चष्मा काढल्यावर तुम्हाला साधारण २८ सेंटिमीटरवरचं लख्ख दिसतं. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, सुईचं नाक, वहीतलं बारीक अक्षर. हे तुम्हाला आज दिसतं, साठाव्या वर्षीही दिसेल, कारण त्यासाठी डोळ्यातल्या भिंगाला काहीच जोर लावावा लागत नाही. पुतण्याचं भिंग अजून मऊ आहे. लेझरने लांबचा नंबर शून्य केला तरी जवळ बघताना ते फुगून वाकतं आणि काम भागवतं. आपलं भिंग चाळिशीनंतर कडक होत जातं. लेझर मारतात कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक आवरणावर. आतल्या भिंगाच्या कडकपणाला ते हातही लावत नाही. लांबचा नंबर शून्य झालेल्या माणसाला ४६ ला हातभर अंतरावर वाचायला अधिक सव्वाच्या आसपास लागतो, पन्नाशीला पावणेदोनच्या पुढे, साठीला अडीच. तुम्ही पूर्ण नंबर काढून घेतलात तर फळा चष्म्याशिवाय दिसेल आणि वह्यांचा गठ्ठा उघडला की चाळिशी शोधावी लागेल. आज जे फुकट दिसतंय ते जाणार, हे कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.

आणखी एक बारीक गोष्ट. उणे नंबरवाले लोक पंचेचाळिशीच्या पुढे चष्मा नाकावरून खाली सरकवून वाचतात, तुम्हीही करत असाल. काच डोळ्यापासून लांब गेली की उण्याचा जोर थोडा कमी होतो आणि जवळचं जरा निवळतं. मुळात चष्म्यातून जवळ बघताना उणेवाल्यांच्या भिंगाला कमीच मेहनत पडते. नंबर कॉर्नियावर कोरला की ही सवलत संपते. म्हणून लेझरनंतर पहिल्या आठवड्यात लोक घाबरून येतात, ‘लांबचं झकास, पण मोबाईल तर आधीच्या चष्म्यातूनही याहून बरा दिसायचा की!’ त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. त्यात नंबर चुकून अर्ध्याने अधिकाकडे गेला तर तरुण डोळा तो सहज रिचवतो, आपला रिचवत नाही. लांबचंही जवळचंही दोन्ही अर्धवट होतं. वयस्क कॉर्नियावर तेवढ्याच लेझरचा परिणाम जरा जास्त होतो, म्हणून जाणते सर्जन वय बघून मात्रा कमी करतात. तुमच्या सर्जनला हे विचारा. चिडले तर दुसऱ्यांकडे जा.

तेव्हा पहिला प्रश्न ‘करू का’ हा नव्हेच. तुमचा दिवस किती अंतरावर जातो, हा आहे.

शहापुरातले एक सोनार माझ्याकडे आले होते, उणे तीन नंबर, पन्नाशीच्या आतले. मुलीच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून लेझर हवं होतं. ते काम कसं करतात हे मी त्यांनाच करून दाखवायला सांगितलं. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी अंगठी डोळ्याजवळ नेली, नखाने टाका फिरवून बघितला आणि म्हणाले, ‘इथं थोडं डाख कमी पडलंय.’ मला भिंग लावूनही ते दिसलं नाही. अशा माणसाचा उणे तीन काढून घ्यायचा म्हणजे त्याच्या हातातलं हत्यार काढून घ्यायचं. ते न करताच गेले आणि आनंदात आहेत. उलट चोर्ला घाटातून गोव्याला गाडी मारणारे एक ड्रायव्हर, उणे अडीच, वय ४४. धुक्यात, पावसात चष्म्याच्या काचेने ते वैतागले होते. वाचन म्हणजे मोबाईलवरचं नाव आणि डिझेलची पावती. त्यांनी पूर्ण नंबर काढला, खिशात चाळिशी ठेवतात, आणि भेटतील तिथं मला चहा पाजतात.

तुमचं या दोघांच्या मधलं आहे, म्हणूनच ते अवघड. फळा आणि मागच्या बाकावरची मुलं पाच-सहा मीटरवर, वह्या हातभरावर, मोबाईल त्याहून जवळ, आणि संध्याकाळी स्कूटी.

मधल्यांसाठी जो मार्ग आहे त्याला मोनोव्हिजन म्हणतात. एका डोळ्याचा लांबचा नंबर पूर्ण काढायचा, दुसऱ्यात मुद्दाम उणे एक ते उणे दीड शिल्लक ठेवायचा. एक डोळा फळा बघतो, दुसरा मोबाईल, आणि मेंदू दोन्हीतलं धड चित्र उचलायला शिकतो. बहुतेकांना जमतं, पण सगळ्यांना नाही. ज्यांना जमत नाही त्यांना सतत एक डोळा अंधुक असल्याची जाणीव छळते, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकतो, सुईत दोरा ओवताना चिडचिड होते. हेच तत्त्व जरा मऊ करून, दोन्ही डोळ्यांची चित्रं मधल्या अंतरावर एकमेकांत मिसळतील असा आकार कॉर्नियाला देण्याच्या पद्धतीही आल्या आहेत. दवाखान्यागणिक त्यांची नावं वेगळी. नावावर जाऊ नका. ‘कुठल्या डोळ्यात किती उणे ठेवणार?’ एवढं विचारा.

हे जमणार की नाही, ते लेझरआधी स्वस्तात कळतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघायची. मी माझ्याकडच्या चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही हे केल्याशिवाय पुढे पाठवत नाही. पहिले काही दिवस दोन्ही डोळ्यांना पूर्ण लांबच्या नंबरच्या लेन्स, म्हणजे ‘पूर्ण लेझर झाल्यावर’चं आयुष्य. त्यात वह्या तपासा, हजेरी मांडा, तांदूळ निवडा, रात्री अंथरुणात मोबाईल बघा. मग काही दिवस एका डोळ्याची लेन्स कमी नंबरची. या दिवसांत दवाखान्यात बसून ‘बरं वाटतंय’ म्हणायचं नाही. अंधार पडताना खानापूर रस्त्यावर गाडी चालवून बघायची, नवरा किंवा मुलगा मागे बसवून. ऊसतोडणीच्या हंगामात आपल्याकडे मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात. ती ट्रॉली तुम्हाला किती लांबून दिसते, हीच खरी परीक्षा. लेन्स काढून ठेवता येते. कोरलेला कॉर्निया पूर्वीसारखा होत नाही.

लांबचा डोळा कुठला ठेवायचा तेही घरीच बघा. दोन्ही हात समोर ताठ करा, तळवे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांच्या मध्ये छोटं भोक सोडा. त्या भोकातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोन्ही डोळ्यांनी बघा. हात न हलवता एक-एक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच राहतं, तो तुमचा जोरकस डोळा. सहसा तो लांबचा ठेवतात. अनेकांचा उजवा निघतो, पण गृहीत धरू नका. उजव्या हाताने लिहिणाऱ्या कित्येकांचा डावा निघालेला मी पाहिलाय.

आता माझं. नंबर उणे चार आणि उणे सव्वाचार. उजवा पूर्ण काढला, डाव्यात उणे सव्वा ठेवला. हुबळी, कोल्हापूर, मिरज, बेळगाव, आपल्याकडचे लोक सगळीकडे जातात. मी कुठं केलं ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. ड्रॉपने डोळा बधिर करतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. दुखत नाही, पण डोळा हवेच्या ओढीने घट्ट धरून ठेवणारी कडी बसते तेव्हा काही सेकंद दिसायचंच बंद होतं. हे शेकडो लोकांना मी तोंडपाठ सांगितलेलं, तरी स्वतःवर आल्यावर मुठी आवळल्या गेल्या. मग कॉर्नियाची वरची पातळ झाप बाजूला सारतात, समोरचा दिवा विरघळल्यासारखा फुटतो, आणि लेझरची टकटक सुरू होते. वास येतो जळक्या केसांसारखा. जळत काही नसतं. हा १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेझर उष्णतेने काम करत नाही, तो पेशीजालातले रासायनिक बंध तोडतो आणि त्याचे सूक्ष्म कण उडतात, त्यांचा तो वास. मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन १९८१ साली अमेरिकेत आयबीएममध्ये होते. तिथं त्यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर हा लेझर चालवून बघितला, कडा न जळता सुबक चर पडली, आणि तिथून ही सगळी गोष्ट डोळ्यांपर्यंत आली. टेबलावर आडवं पडल्यावर मला नेमकी ती टर्की आठवली. आठवायला नको होती.

दुसऱ्या दिवशी लांबचं दिसलं. गच्चीवरून शेजारच्या इमारतीवरच्या टाकीचं नाव वाचलं आणि बायकोला दोनदा हाक मारली. पण सांगण्यासारखं पुढचंच आहे. पहिले काही महिने रात्री बेळगावच्या कॅम्पातल्या दिव्यांना केसाळ कडा असायच्या, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडं. सकाळी उठताना पापणी डोळ्याला चिकटल्यासारखी, म्हणून आधी ड्रॉप घालून मगच डोळे उघडायचे. पंख्याखाली झोपणं जमेना. हे हळूहळू ओसरलं, कोरडेपणा मात्र पूर्ण गेला नाही. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आजही खिशात ड्रॉप असतो. दिवसाउजेडी ‘तरुण भारत’ चष्म्याशिवाय वाचतो. लांबलचक वाचन, औषधाच्या पाकिटातला तो घडीचा कागद, यासाठी चष्मा लागतो. रात्री गाडी चालवायला डाव्या काचेत उणे सव्वा घातलेला वेगळा चष्मा गाडीतच ठेवलाय. पन्नाशीनंतर डाव्या डोळ्याचं वाचनही जरा मागे सरकलं, कारण उणे सव्वाचं स्वतःचं स्पष्ट अंतर ८० सेंटिमीटर. त्याहून जवळचं होतं ते भिंगात उरलेल्या जोराने, आणि तो जोर आटतोय. पुन्हा करीन का? करीन. पण चष्म्यातून सुटलो असं मी कुणाला सांगत नाही. एकाऐवजी दोन आहेत, फक्त नाकावर क्वचित असतात.

रात्रीच्या कड्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेची, एक पाहणी वाचण्यासारखी आहे. आधी दृष्टीची कसलीच तक्रार नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी लेझरनंतर तीन महिन्यांनी कडं, झगमगाट, दुहेरी प्रतिमा यांतली एखादी तरी नवी तक्रार नोंदवली. त्याच पाहणीत ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते, आणि त्या तक्रारींमुळे रोजच्या कामात फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. जाहिरातीत दुसरा असतो, भीती घालणाऱ्या व्हिडिओत पहिला. त्यातली माणसं बहुतांशी तिशीच्या आसपासची होती, हेही लक्षात असू द्या.

तपासण्यांत कॉर्नियाची जाडी आणि नकाशा, म्हणजे त्याच्या उंचसखलपणाचं चित्र, हे सगळ्यांत महत्त्वाचे. हिशेब साधा आहे. जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, आपल्याकडे अनेकांची त्याहून कमी. झापेला शंभर-एकशेदहा जातात, दर एका नंबरामागे बारा ते पंधरा मायक्रॉन लेझर खातं, आणि खाली निदान २५०, शक्यतो ३०० मायक्रॉन उरायला हवेत. तुमच्या साडेतीनला पन्नासेक मायक्रॉन जातील, म्हणजे जाडीची अडचण बहुधा नाही. पण जाडी ठीक असून नकाशा तिरका असेल, खालचा भाग उगाच फुगीर दिसत असेल, तर तिथंच थांबायचं. डोळे चोळायची सवय असेल तर आजपासून सोडा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर या मोजमापांआधी मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर नकाशा लेन्सचा येतो, डोळ्याचा नाही.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी कोरडेपणाची आहे. झाप कापताना कॉर्नियाचे संवेदनातंतू तुटतात, डोळ्याला आपण कोरडे झालोय हे कळत नाही, अश्रू कमी येतात. तंतू परत वाढतात, त्याला सहा महिने, कधी वर्ष लागतं. तरुणाला ते निभावतं. पाळी जाण्याच्या वयाच्या आसपास बायकांचे अश्रू आधीच कमी झालेले असतात, थायरॉइड असेल तर आणखी. त्यात तुमचा रोजचा खडू. पापणीच्या आत कागदाची पट्टी लावून पाच मिनिटं ओल मोजतात, रंगीत थेंब घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते बघतात. या दोन गोष्टी न बघता कोणी तारीख दिली तर ती घेऊ नका. आधीच कोरडेपणा निघाला तर तीन महिने ड्रॉप आणि पापण्यांना गरम शेक, मग पुन्हा तपासणी. सांधे सुजतात तो संधिवात असेल तर मी लेझरकडे पाठवतच नाही.

बाकीचं भरभर. साखर तपासा. उसाच्या पट्ट्यात राहून साखरेचं औषध खाणारे आपल्याकडे घराघरांत आहेत, आणि साखर वरखाली झाली की भिंग फुगतं आणि नंबरही वरखाली होतो. हलत्या नंबरावर लेझर मारून काय उपयोग? वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नको. पंचेचाळिशीनंतर उणे नंबर उगाच वाढायला लागला तर आधी मोतीबिंदूची शंका घ्यायची, लेझरची नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते स्वतःहून सांगा. आणि बाहुली मोठी करून डोळ्यामागचा पडदा बघून घ्या. उणेवाल्यांचा पडदा कडेला पातळ असतो, कधी भोकंही असतात. लेझरने नंबर गेला तरी डोळा आतून लांबट तो लांबटच राहतो, पडद्याचा धोका नंबराबरोबर जात नाही.

झाप कापायची लॅसिक, वरची नाजूक त्वचा खरवडून करायची पीआरके, की बारीक छेदातून आतली चकती काढायची स्माइल, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तुमच्या नंबराला तिन्ही बसतात, तेव्हा वाद घालू नका. पीआरकेत तीन-चार दिवस बऱ्यापैकी दुखतं, दृष्टी हळू येते, पण झाप नसल्याने पुढे ती सरकायची भीती नाही. उद्यमबागेत भट्टीवर काम करणारे, तालमीत पोरांना डाव शिकवणारे वस्ताद, उसाच्या फडात पात्यांत शिरणारे शेतकरी, यांना मी तीच सुचवतो. कोरडेपणाचा त्रास स्माइलमध्ये सुरुवातीला जरा कमी असतो. ती करायची तर डोळ्यात किती उणे ठेवणार हे सर्जनशी आधी पक्कं करा, कारण नंतर त्यात थोडी दुरुस्ती करायची झाली तर बहुधा पीआरकेच करावी लागते.

कोणी तुम्हाला भिंगच बदला म्हणेल. मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया, आत बहुअंतरी भिंग, लांबचं-जवळचं दोन्ही. पंचावन्नच्या पुढच्या माणसाला, त्यातही ज्यांचा नंबर अधिक आहे त्यांना ते पटण्यासारखं आहे. ४६ व्या वर्षी, उणे नंबर असताना, स्वच्छ भिंग काढण्याच्या मी विरोधात आहे. पडदा सुटण्याचा धोका उणेवाल्यांत आधीच जास्त, भिंग काढल्यावर आणखी वाढतो. डोळ्यात जास्तीचं भिंग बसवायची आयसीएल मोठ्या नंबराच्या तरुणांसाठी. अमेरिकेत तिला मान्यता मिळाली तीच २१ ते ४५ वयासाठी. आणि चाळिशी घालवणारे थेंब? त्यातल्या पायलोकार्पिन या औषधाने बाहुली लहान होते, काही तास जवळचं बरं दिसतं, अंधारात त्रास होतो, कपाळ दुखतं. आपल्याकडे २०२४ साली अशा थेंबांचा ‘चष्मा सुटणार’ म्हणून गाजावाजा झाला आणि औषध नियंत्रकांनी काही दिवसांतच त्या परवानगीला स्थगिती दिली. उणेवाल्यांनी पडदा न तपासता हे थेंब घालू नयेत.

पैशांचं: आरोग्यविमा धरू नका. साडेसात नंबराच्या आतल्या दृष्टिदोषाचा खर्च पॉलिसीत सरसकट वगळलेला असतो, तुमचा साडेतीन आहे. खर्च स्वतःचा. त्यात नंतरचे वर्षभराचे ड्रॉप, दोन चष्मे आणि गरज पडल्यास दुरुस्तीचं लेझर धरलंय का, ते लिहून घ्या. संमतीपत्र बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल. सही करण्याआधी मराठीत समजावून सांगा म्हणायला लाजू नका. समुपदेशकांत मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतंच. नवऱ्याच्या किंवा भावाच्या हातात कागद देऊन ‘तुम्ही बघा’ म्हणू नका, डोळा तुमचा आहे.

ठरवलंत तर आधीचे कागद जपा: लेझरपूर्वीचा नंबर, कॉर्नियाच्या वक्रतेची मापं, जाडी. साठीला मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना कोरलेला कॉर्निया मोजमापाला फसवतो. लेझर झाल्याचं माहीत नसेल तर भिंग कमी ताकदीचं बसतं आणि लांबचंही जवळचंही अधुरं राहतं. डोळ्याचा दाब मोजतानाही तेच. कॉर्निया पातळ झाल्याने दाब खरा असतो त्याहून कमी दिसतो आणि काचबिंदू निसटू शकतो. पुढे कुठल्याही डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘माझं लेझर झालंय’ हेच सांगायचं. फाईल खानापूरच्या पावसात बुरशी लागून जाते, म्हणून फोटो काढून मुलाच्या आणि स्वतःच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

माझं मत विचाराल तर या वर्षी लेझर करू नका, लेन्स लावून बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोरडेपणाचं बघून घ्या, जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर लेन्सचे दोन्ही प्रयोग वर्गातच करा. जमलं, कोरडेपणा आटोक्यात आला, तर दसऱ्याच्या सुट्टीत करा. पाऊस ओसरलेला असतो, धूळ उडायला वेळ असतो, आणि पंधरवडाभर खडूपासून सुटका. पहिले काही दिवस डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, तेव्हा न्हाणं मागे मान टाकून, दुसऱ्या कुणाच्या हातून. लेन्सचं नाहीच जमलं तर प्रोग्रेसिव्ह काचेचा, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला, चांगला चष्मा करा, पावसासाठी पुढे पूर्ण काच असलेलं हेल्मेट घ्या, आणि वह्या आज तपासता तशाच, चष्मा काढून तपासा.